मानशीचं दार

झिलू मेस्ताच्या भट्टीवर मी भाता ओढायचो.
वय विचारू नका. मडगावला रेल्वे आली त्या साली
माझा शेवटचा दुधाचा दात पडला, एवढंच ठाऊक.

रेल्वे आली आणि मेस्त बिघडला.
म्हणजे दारू नाही, जुगार नाही,
नुसता दर आयतवारी
कुडतरीहून मडगावला चालत जायचा,
इंजिनाला पाणी पाजतात तिथे उकिडवा बसायचा
आणि बैल विकत घ्यायला आल्यासारखा
त्याचे दात बघायचा, खूर बघायचा.

इंजिनावर कोळसा घालायला इनास होता, बाणावलीचा.
त्याने एकदा विडीच्या बदल्यात सांगितलं :
वाफ इकडून शिरते, दट्ट्या ढकलते,
तिकडून निसटते. मधे एक दार.
"ते उघडतं कोण?"
"कोण म्हणजे? आपसूक."

त्या रात्री मेस्त जेवला नाही.
खाजनाच्या बांधावर, मानशीपाशी बसला,
मला कंदील धरायला लावला.
ओहोटी होती. शेतातलं पाणी
दार ढकलून नदीत चाललं होतं,
उजेडाला भुलून सुंगटं उडत होती
आणि माझं सगळं लक्ष सुंगटांकडे.
मग पाणी उभं राहिलं.
आपण काय विसरलो ते आठवत असल्यासारखं
थोडा वेळ नुसतं उभं.
आणि भरती फिरली तसं ते लाकडी दार
कोणी हात न लावता
धप्प करून मिटलं.

"पोरा," मेस्त म्हणाला,
"हे तर आपल्याकडे होतंच की रे."

बॉयलर म्हणजे न्हाणीतलं तांब्याचं भाण,
शेवंतीकाकीने माहेराहून, शिरोड्याहून आणलेलं.
दट्ट्याला मोडक्या समईचा दांडा.
पट्टा म्हशीच्या कातड्याचा.
काकी दारात आडवी उभी राहिली :
"तुझ्या वाफेने नारळ खोवला जाणार असेल तर ने.
नाहीतर मी आंघोळ कशाने करू, शोधाने?"

म्हणून त्या यंत्राला शेवटी
आदोळीचं पातं लागलं.

चवथीच्या आदल्या दिवशी सगळा वाडा नारळ घेऊन आला.
भाण खदखदलं, दांडा हलला,
पातं फिरायला लागलं तेव्हा
हसायला आलेले हसायचं विसरले.
अकरा वाट्या खोवल्या. मी मोजल्या.
बाराव्या वाटीला झाळ सुटली.
मेस्ताची डावी भुवई गेली ती गेलीच.
खोबरं भिंतीवर, छपराला, विगाराच्या झग्यावर.
नेवऱ्या त्या वर्षी भिंतीवरचंच खरवडून केल्या.

पुढे तो पणजीला गेला. स्टँपाचा कागद घेतला,
दीड दिवसाची मजुरी.
कारकुनाने दौतीत टाक बुडवून विचारलं,
"शोध लावणाऱ्याचं नाव?"
मेस्त म्हणाला, "अर्धं माझं लिहा.
अर्धं मानशी ज्याने केली त्याचं."
"त्याचं नाव काय?"
"ते कोणी लिहून ठेवलं नाही."
"राहतो कुठे?"

मेस्त बराच वेळ खरोखर विचार करत राहिला.
तोवर टाकाचा थेंब पडून
नावाच्या जागी निळा डाग झाला.

तो कागद आमच्या भट्टीवर पुष्कळ वर्षं होता.
पाठच्या कोऱ्या बाजूवर
मेस्ताने नांगराच्या फाळाची मापं काढली होती.

भाणाला डाग दिला, कल्हई केली,
पुन्हा न्हाणीच्या चुलीवर चढवलं.
पण एक भोक राहिलंच, सुईच्या नाकाएवढं.
पाणी तापलं की सकाळी बारीक शिट्टी यायची
आणि शेवंतीकाकी परसातून ओरडायची,
"चल, तुझी गाडी आली, न्हाऊन घे!"

मेस्त खांद्यावर पंचा टाकून उठायचा.
न्हाणीच्या दाराशी थांबायचा.
शिट्टी संपेपर्यंत
आत जायचा नाही.